एकतीस रिकामं

आयकांडे म्बागाचा मला पहिल्यांदा हेवा वाटला तो एका इंजिनाच्या आवाजावरून.

नैरोबीच्या विल्सन विमानतळावर आम्ही दोघी आमचे वरिष्ठ म्वाकिओ साहेब यांच्या मागे हातात कागद लावलेल्या फळ्या धरून उभ्या होतो. एक छोटं विमान धावपट्टीकडे निघालं होतं. आयकांडे म्हणाली, "साहेब, डावं इंजिन खोकतंय." मला काही ऐकू आलं नव्हतं. साहेबांनाही आलं नसावं, पण त्यांनी हात वर करून विमान थांबवलं. झाकण उघडलं तेव्हा एक प्लग काळाठिक्कर पडलेला निघाला. मेकॅनिक तिच्याकडे बघत राहिला आणि साहेब त्याच्याहून जास्त वेळ बघत राहिले. माझ्या फळीवर मी तारीख, वेळ, विमानाचा क्रमांक सगळं सुबक अक्षरात लिहून ठेवलं होतं. ते कोणी पाहिलं नाही.

हे एकोणीसशे पंचाहत्तरचं. तेव्हा केनिया, युगांडा आणि टांझानिया या आमच्या तिन्ही देशांचं विमानखातं एकच होतं. मी युगांडातल्या एंटेबेची, ती टांझानियातल्या पारे डोंगरातली. आम्ही दोघी तेवीस वर्षांच्या, खात्यातल्या पहिल्या तपासनीस-सहायक मुली. नैरोबीतल्या मकोंगेनीत एक खोली, एक इस्त्री आणि एक छत्री आमच्यात मिळून होती. ती दोन ताटं भरून खायची आणि काडीसारखी राहायची. मी कांद्याच्या वासानेही फुगायचे. ती भिजून घरी आली की शेजारणी तिला चहा द्यायच्या. मी भिजून आले की विचारायच्या, "छत्री कुठे गेली गं?"

पुढच्या वर्षी साहेबांनी तिला एक काम दिलं. तपासणीचं पुस्तक उशीएवढं जाड होतं. ते काखेत मारून विमानाभोवती कोण फिरणार? साहेब म्हणाले, "एका कागदावर बसेल अशी यादी कर. चाळीस कलमं. त्यापुढे माणसाचं लक्ष राहत नाही." ती दोन महिने विमानांच्या पोटाखाली वाकून वाकून फिरली आणि यादी केली. टाइप मी केली, कारण माझी बोटं तिच्यापेक्षा चांगली चालायची. वर एक पांढरा कागद आणि खाली निळ्या कार्बनची प्रत.

तीस कलमं झाली आणि ती म्हणाली, "एकतीस रिकामं सोड. बत्तीसपासून पुढे टाइप कर."

"का?"

"सरोवरावरून जाणाऱ्या विमानात प्रत्येक लाइफ जॅकेटला शिट्टी सक्तीची करायची का, ते ठरायचंय. साहेबांनी सरोवराकाठच्या म्वान्झाच्या कचेरीला विचारलंय. उत्तर आलं की भरू."

उत्तर आलंच नाही. एकोणीसशे सत्त्याहत्तरच्या सुरुवातीला तिन्ही देशांचं फिसकटलं. विमानं ज्या देशात उभी होती तिथेच अडकली, केनिया आणि टांझानियामधली सीमा बंद झाली, आणि कचेरीत जो तो आपापल्या कपाटाजवळ उभा राहून कागद गोळा करायला लागला. आयकांडेने तिची वही घेतली. मी कार्बन प्रत घेतली. मी ती घेताना तिने पाहिलं नाही, आणि तिने पाहू नये म्हणून मीच ती कपड्यांच्या घडीत सारली. छत्री तूच ठेव, असं तिने मला सांगितलं. मला तेही आवडलं नाही.

एंटेबेला परत आले तेव्हा इथे सैनिकांचं राज्य होतं. विमानतळावर गवत माजलं होतं. काही वर्षांनी राज्य बदललं, मग परत बदललं, आणि शेवटी विमानं यायला लागली तेव्हा नव्या साहेबाने विचारलं, तपासणीचं काही आहे का कोणाकडे? मी घरून तो निळा कागद आणला आणि नवा करून टाइप केला. खाली नाव घालायची जागा होती. मी माझं नाव घातलं. एसेझा नाकान्वागी. त्या दिवशी मला वाटलं होतं की सीमेपलीकडची बाई आता आपल्याला कुठे दिसणार आहे?

यादीला लोक "नाकान्वागी यादी" म्हणायला लागले. मी वरिष्ठ तपासनीस झाले. नव्या पोरांना शिकवताना एकाने हात वर केला.

"न्याबो, तीसनंतर एकदम बत्तीस आहे. एकतीस कुठे?"

न्याबो म्हणजे आमच्याकडे बाईला मान देऊन म्हणतात ते. वर्गात वीस जणं माझ्याकडे बघत होती. शिट्टीचं सांगायचं तर मग ते का भरलं नाही हेही सांगावं लागलं असतं, आणि मग यादी कोणाची हेही. मी खडू खाली ठेवला.

"एकतीस तुमचं," मी म्हणाले. "यादीत नाही पण तुमच्या डोळ्यांना खटकलं, असं जे काही असेल ते तिथे लिहायचं. लिहिण्यासारखं काही नसेल तर 'पाहिलं' असं लिहून सही करायची. रिकामं सोडायचं नाही."

घाईत सुचलेली थाप होती ती. पण पोरांनी ती गाठीशी बांधली. एकाने एकतीसमध्ये लिहिलं, "वैमानिकाचे डोळे पिवळे," आणि उड्डाण थांबवलं. त्या वैमानिकाला कावीळ निघाली. सेबोवा नावाचा माझा एक हुशार तपासनीस होता. त्याने एकदा लिहिलं, "इंधन भरणाऱ्याने आज रामराम केला नाही." आमच्याकडे माणूस कितीही घाईत असला तरी रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, काम कसं चाललंय, एवढं विचारल्याशिवाय पुढे जात नाही. तो इंधनवाला खाली मान घालून निघून गेला म्हणून सेबोवाने टाकी तपासायला लावली. पेट्रोलच्या विमानात जेटचं तेल भरलं होतं. चुकलंय हे त्या बिचाऱ्याला कळलं होतं, पण सांगायची हिंमत नव्हती. विमानात नऊ माणसं बसायची होती.

तेव्हापासून एंटेबेला कोणी गप्प गप्प दिसलं की लोक विचारायचे, "काय रे, तुझं एकतीस काय?"

आणि मग दोन हजार सहा साल आलं.

तिन्ही देशांना एव्हाना कळून चुकलं होतं की एकेकट्याने हे जमायचं नाही. चांगला तपासनीस तयार करायला दहा वर्षं लागतात आणि तयार झाला की आखातातली कंपनी त्याला उचलून नेते. बाहेरचे परीक्षक यायचे आणि आमच्या वह्यांवर लाल खुणा करून जायचे. म्हणून ठरलं, एंटेबेला विमान-सुरक्षेची एकच संयुक्त संस्था काढायची. तपासनीस तिघांचे मिळून, नियम एकच, आणि कोणी स्वतःच्या देशाची तपासणी करायची नाही, शेजाऱ्याने करायची. मसुदा करायला समितीही बसणार होती एंटेबेलाच, सरोवराकाठच्या हॉटेलात. ज्या देशाची यादी पायाला घेतली जाईल त्या यादीची बाई किंवा बुवा तपासणी विभागाचा प्रमुख होणार, हे कोणी लिहिलं नव्हतं पण सगळ्यांना माहीत होतं. मी चोपन्न वर्षांची होते. मला ती खुर्ची हवी होती. मी नवा गोमेसी, म्हणजे आमच्याकडचा समारंभाचा पायघोळ झगा, शिवून घेतला होता, खांद्याला टोकं असलेला, जांभळा.

टांझानियाकडून समितीवर येणाऱ्या माणसांची नावं आली. त्यात पहिलं नाव आयकांडे म्बागा.

तिला घ्यायला मीच विमानतळावर गेले. ती एक छोटी पिशवी घेऊन उतरली. केस पांढरे, पाठ ताठ, आणि अजून काडीच.

"एसे!" ती लांबूनच ओरडली. "किती जाड झालीस गं! दोघींचं खातेस की काय?"

"एकीचंच खाते. तुझा वाटा कोण खातं ते सांग."

"माझी छत्री आहे का अजून?"

"तुझी कसली? मिळून घेतली होती."

"मीच घेतली होती. तू अर्धे पैसे नंतर देते म्हणालीस." आणि तिने मला मिठी मारली. तिच्या अंगाला पारेच्या कॉफीचा वास होता. माझ्यासाठी तिने दोन किलो आणली होती. घरी गेल्यावर माझी सून आमच्या रीतीप्रमाणे तिच्यापुढे गुडघे टेकून बसली आणि किती तरी वेळ तिची खुशाली विचारत राहिली. माझ्यापुढे ती एवढा वेळ बसत नाही. जेवताना आयकांडेने उकडलेल्या केळ्यांचं मटोके दोनदा मागून घेतलं, शेंगदाण्याची आमटी बोटाने निपटली, आणि सून म्हणाली, "यांना आपलं जेवण आवडलं बघा, आई." मी चहा करायच्या निमित्ताने उठले.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे तिन्ही याद्या शेजारी शेजारी मांडल्या. अध्यक्ष केनियाचे मुतिंडा साहेब होते, जाड भिंगाचा चष्मा आणि कायम थट्टेचा सूर. केनियाची यादी बाहेरच्या सल्लागारांनी केली होती, तीत एकशे बारा कलमं होती. मुतिंडा म्हणाले, "आमची वाचून होईपर्यंत विमान मोंबासाला पोहोचतं." सगळे हसले. मग त्यांनी दुसरे दोन कागद जवळ घेतले आणि हसणं थांबवलं.

"हे काय? टांझानिया आणि युगांडा जुळ्या बहिणी दिसतात. एक कलम सोडलं तर शब्दाला शब्द."

सेबोवा माझ्या शेजारी बसला होता. तो छाती काढून म्हणाला, "आमची सगळ्यात जुनी, साहेब. न्याबोंनी स्वतः केलीय. नाकान्वागी यादी."

आयकांडेने कागद डोळ्यांजवळ नेला. मी तिच्या बोटाकडे बघत होते. बोट एकेक ओळ उतरत तीसवर आलं आणि थांबलं. मग बत्तीसवर गेलं आणि परत वर आलं. तिच्या यादीत एकतीसमध्ये शिट्टी होती. माझ्यात काही नव्हतं. एवढी मोठी रिकामी जागा दुसऱ्या कोणत्या कागदावर असणार? चोराने घरात विसरलेल्या चपलेसारखी ती तिथे पडली होती.

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग मुतिंडांना म्हणाली, "जुन्या कचेरीत सगळ्यांची एकच यादी होती. जाताना ज्याने त्याने नेली. त्यात काय एवढं?"

"आणि हे एकतीस?"

"ते मलाही ऐकायचंय," ती म्हणाली.

माझ्याआधी सेबोवानेच सांगितलं. पिवळे डोळे, न केलेला रामराम, नऊ माणसं. तो चांगलं बोलतो. आयकांडे हनुवटीवर मूठ ठेवून ऐकत होती, आणि तिचे डोळे तसेच झाले होते जसे विल्सनला इंजिन ऐकताना व्हायचे.

जेवणाच्या सुट्टीत तिने मला सज्जात गाठलं.

"उत्तर येईना म्हणून मी ती जागा सोडली होती," ती म्हणाली. "खरं सांग, तुला कसं सुचलं ते?"

"पोरांनी विचारलं. मी थाप मारली."

ती हसायला लागली. कठड्याला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "थाप! एसे, अगं थाप मारलीस आणि त्यात नऊ माणसं वाचली?"

"सांगणार आहेस का त्यांना?"

"काय सांगू? तुझं नाव इतकी वर्षं त्या कागदावर बसलंय. आता ते तिथलंच झालं." तिने माझ्या गोमेसीचं वाकडं झालेलं टोक सरळ केलं. "हे बघ, मी दुपारी त्यांना सांगणारेय की युगांडाची यादी पायाला घ्या, आणि विभाग तू सांभाळ. माझे गुडघे गेलेत. डोंगरातलं घर पडायला आलंय. मला इथे राहून काय करायचंय? तू घे."

तू घे. जशी छत्री घे.

आजवर मी कोणाला हे सांगितलं नाही, पण आता लपवून काय करायचं? त्या क्षणी मला तिचे आभार मानावेसे वाटले नाहीत. तिचे कान माझ्याहून चांगले, तिची बुद्धी चांगली, तिचं अंग काडीसारखं, माझी सून तिची, आणि आता मोठं मनही तिचंच! मी आयुष्यभर त्या खुर्चीत बसणार, आणि दर सकाळी मला आठवणार की ही तिने दिली. नको. खुर्ची गेली तरी चालेल, पण तिच्या हातून नको.

दुपारी आयकांडे बोलायला उठत होती, तिच्याआधी मी उभी राहिले.

"अध्यक्षसाहेब, यादी माझी नाही. ही आयकांडे म्बागांनी एकोणीसशे शहात्तर साली नैरोबीत केली. मी टाइप केली आणि कार्बन प्रत चोरून नेली."

सेबोवाने माझ्याकडे पाहिलं नाही. मुतिंडांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मग न्याबो, यात तुमचं काय आहे?"

"टायपिंग," मी म्हणाले. "आणि एकतीस."

आधी मुतिंडा हसले, मग सगळेच. आयकांडे एकटी हसली नाही. ती खाली बसली आणि हळूच म्हणाली, "मूर्ख आहेस."

प्रमुख तीच झाली. दुसरं काय होणार होतं? गुडघे, डोंगर, घर, सगळं बाजूला ठेवून तिला सहा वर्षं एंटेबेला राहावं लागलं, माझ्या घराच्या वरच्या रस्त्याला. रविवारी जेवायला यायची. नोव्हेंबरात, आमच्याकडे खायच्या नाकतोड्यांचा मोसम असतो तेव्हा, ते तळले की अर्धी परात तीच संपवायची आणि माझी नातवंडं तिच्या मांडीवर. मी तिच्या हाताखाली साठाव्या वर्षापर्यंत काम केलं. सेबोवा पहिले सहा महिने माझ्याशी कामापुरतं बोलला. मग एक दिवस त्याने सकाळी माझी रात्र कशी गेली ते विचारलं, नेहमीसारखं लांबलचक, आणि मी दार लावून रडले.

आणखी एक शिक्षा झाली, जी मी हिशेबात धरली नव्हती. लोक मला प्रामाणिक म्हणायला लागले. चर्चमध्ये माझं उदाहरण दिलं गेलं. आधी तिच्या यादीवर मी नाव कमावलं, मग तिच्यावर जळून जे बोलले त्यावर. दोन्ही वेळा लोकांनी माझ्या पदरात माझं नसलेलं टाकलं. एकदा आयकांडेला मी खरं सांगितलं, की मी ते प्रामाणिकपणे नव्हतं केलं. ती म्हणाली, "मला माहीत नाही का? मी तुझ्याबरोबर एका खोलीत राहिलेय."

नवं पुस्तक छापून आलं तेव्हा तिने त्यात एक ओळ घालून घेतली होती. "यादी: आ. म्बागा. कलम ३१: ए. नाकान्वागी." शिट्टी एक्केचाळिसावी झाली. चाळीसच्या पुढे माणसाचं लक्ष राहत नाही असं म्वाकिओ साहेब म्हणाले होते, म्हणून ती कुरकुरली, पण एकतीस तिने रिकामंच ठेवलं.

आता आम्ही दोघी थकलोय. ती पारेत, मी इथे. माझ्या पडवीतून उतरणारी विमानं दिसतात, आवाज मात्र कमी ऐकू येतो. तिला अजून सगळं ऐकू येतं. ती फोन करते, नेहमी सकाळी, आणि नेहमी तेच विचारते, "आहेस का?"

परवा केला तेव्हा मी सांगितलं, "सेबोवा येऊन गेला. आता तो प्रमुख आहे तुझ्या जागी. म्हणाला, यादी आता कागदावर नाही, हातातल्या यंत्रात असते. कलमं दर वर्षी बदलतात. तुझ्या चाळीसमधली सात उरलीत."

"आणि एकतीस?"

"ते आहे. त्या जागी बोट लावलं की रिकामी चौकट येते. काही लिहिल्याशिवाय यंत्र पुढे जात नाही. आता रवांडा, बुरुंडीतही आहे म्हणे. तिथली पोरंही विचारतात, तुझं एकतीस काय."

मला वाटलं फोन कटला.

"एसे."

"काय?"

"मी दोन महिने विमानांच्या पोटाखाली वाकले. तू खडू खाली ठेवून एक थाप मारलीस." तिने श्वास घेतला. "मला तुझा हेवा वाटतो गं."

मी फोन या कानाचा त्या कानाला लावला. पडवीत ऊन आलं होतं. दाराच्या मागे खुंटीला ती छत्री आहे, काड्या मोडलेली. सून टाकून देऊ म्हणते, मी देत नाही.

"काय म्हणालीस?" मी विचारलं. "नीट ऐकू नाही आलं."

"आलं तुला ऐकू."

"नाही आलं. माझे कान तुझ्यासारखे नाहीत. परत सांग, जरा मोठ्याने."